हवेत संपलेला रॅम्प

गॅनेट पॉइंटच्या पोस्टाला व्हीलचेअरसाठी रॅम्प आहे. चांगला रुंद, दोन्ही अंगांना कठडा, मध्ये विसाव्याला सपाट जागा. तो चढून वर गेलं की एक खिडकी लागते. दार नाही, खिडकी. आतल्या बाईने तिथे जिरेनियमची कुंडी ठेवली आहे, आणि कुणी वर येऊन थांबलं की ती काचेतून हसून हात हलवते. दार पलीकडच्या बाजूला आहे, तीन पायऱ्या चढून.

वाचनालयाचं त्याहून नवल. तिथे रॅम्पच्या टोकाला दार आहे, पण ते बाहेर उघडतं. दार ओढायचं तर खुर्ची मागे घ्यायला हवी, आणि मागे तर उतार. म्हणजे दार उघडलं की माणूस खाली, आणि माणूस खाली गेला की दार बंद. बागेतल्या अपंगांच्या स्वच्छतागृहाला कुलूप असतं आणि त्याची किल्ली मिळते जीवरक्षक क्लबाच्या कचेरीत, चौदा पायऱ्या वर. आता ज्याला चौदा पायऱ्या चढता येतात त्याला ती किल्ली कशाला लागेल, हे विचारायची सोय नाही. विचारलं की कौन्सिलचं पत्र येतं, ‘आपल्या सूचनेबद्दल आम्ही आभारी आहोत.’

नोएलीन पास्कोकडे अशी अकरा पत्रं होती.

दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात, उन्हाळा आणि वणव्याचे दिवस लागायच्या आत छपराच्या पन्हळीतला पालापाचोळा काढावा म्हणून ती शिडीवर चढली होती. त्या आठवड्यात गल्लीतली साठी उलटलेली सगळीच मंडळी शिडीवर होती. पडली ती एकटी. त्या दिवसापासून कमरेखालचं शरीर तिचं ऐकेना. चौसष्टाव्या वर्षी खुर्ची आली, नुसत्या हातांनी चालवायची मोटार आली आणि गाडीच्या काचेवर निळं चिन्ह आलं. आधी ती रडली. मग तिने पत्रं लिहिली. आणि मग एक विचित्रच गोष्ट झाली. तिला ते रॅम्प आवडायला लागले.

आता यात आवडण्यासारखं काय, असं कुणीही म्हणेल. पण दुपारी गावावर समुद्रावरची पांढरी, धुक्यासारखी वाफ येऊन बसली, दुकानांच्या पाट्या पुसट झाल्या, पाइनच्या झाडांवरचे पोपट गप्प झाले की नोएलीन खुर्ची घेऊन निघायची. एखाद्या रॅम्पवर चढायची, भिंत लागली की थांबायची, भिंतीला हात लावून बघायची. बँकेमागचा रॅम्प फिरत फिरत पुन्हा त्याच फुटपाथवर येतो. जुन्या थिएटरचा कठडा संपतो तिथे नुसती माती आहे आणि मातीत लिली फुलतात. बांधणाऱ्याला कुठेतरी पोचायचं असणारच, पण कुठे, ते त्यालाच ठाऊक. तिलाही वाटायचं, आपणही अशाच कुठेतरी मध्येच येऊन थांबलो आहोत.

पहाटेच्या स्वप्नात हे सगळे रॅम्प एकमेकांना जोडलेले असत. पोस्टाच्या खिडकीतून ती आत जायची, आत वाचनालय, वाचनालयातून थिएटर, आणि उतार, नुसता उतार, चाकांना हातसुद्धा लावायला नको. शेवटी वास यायचा. शेवाळाचा, मिठाचा. पाणी दिसायच्या आत डोळे उघडायचे, रोज. मग ती छताकडे बघत पडून राहायची आणि पाण्याची इतकी आठवण यायची की छाती दुखायची.

कारण गावातला एक रॅम्प असा होता की त्याचं तिला हसू येत नव्हतं. तो होता कुंडाचा.

गावच्या टोकाला खडकात कोरलेलं समुद्राच्या पाण्याचं कुंड आहे. तीन बाजूंना खडक, चौथ्या बाजूला गुडघाभर उंचीची भिंत, भिंतीपलीकडे सरळ महासागर. तिथे पोहणाऱ्यांचं एक मंडळ आहे, शंभरेक वर्षांचं. जानेवारीच्या पहिल्या रविवारी मंडळाची हजेरी असते. सगळ्यांनी पाण्यात उतरायचं, चिटणिसाने कमरेइतक्या पाण्यात उभं राहून यादी वाचायची, आणि ज्याचं नाव त्याने पाण्यातून ‘आहे’ म्हणायचं. तीन हाका. पाण्यात आपलं आपण उतरायचं, उत्तर येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. ओळीने तीन हजेऱ्या चुकल्या की कपडे बदलायच्या खोलीतल्या डाव्या फळीवरची आपल्या नावाची पितळी पट्टी निघते आणि उजव्या फळीवर जाते.

उजवी फळी गेलेल्यांची. अगदी मेलेल्यांचीच असं नाही, काहीजण तिथे गेल्यावरही चांगले जेवतखात होते. पण एकदा पट्टी तिकडे गेली की गाव त्या माणसाबद्दल ‘फार छान पोहायचा हो’ असं बोलायला लागतं, आणि तो तिथेच बाकावर बसलेला असतो. उजवीकडून डावीकडे परत आलेली पट्टी आजवर कुणी पाहिलेली नाही.

नोएलीनची पट्टी सत्तावीस वर्षं डावीकडे होती. पहिली हजेरी चुकली तेव्हा ती इस्पितळात होती. दुसरी चुकली ती या रॅम्पच्या पायी. तिसरी आता तोंडावर आली होती.

रॅम्प वर्न टकवेलने बांधला. वर्न जन्मभर होड्या बांधत आलेला, लाकडाला त्याचा हात लागला की लाकूड शहाण्यासारखं वागतं असं लोक म्हणतात. गेल्या वर्षी हजेरीच्याच दिवशी मंडळाने श्रमदान काढलं. माणसं आयतीच जमलेली, ओल्या कपड्यांनिशी कुणी खिळे देतंय, कुणी फळ्या धरतंय, बायका पावात सॉसेज आणि कांदा भरून देतायत. नोएलीन कुंडाकाठच्या कट्ट्यावर खुर्चीत बसून खोबऱ्यात घोळलेला लॅमिंग्टन केक खात बघत होती. केक केवढा मोठा होता आणि ती किती सुखात होती! वर्नने रॅम्प कुठवर आणायचा ते ठरवताना टेप काढलाच नाही. होडी बांधणारा तो. तो म्हणाला, "पाणी कुठवर येतं ते पाण्यालाच विचारायचं." आणि पाणी जिथे खडकाला चाटत होतं तिथे त्याने पेन्सिलीने रेघ मारली.

त्या दिवशी वर्षातलं सगळ्यात मोठं उधाण होतं. हे तिथल्या एकेचाळीस जणांना ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणजे काय, सकाळपासून सगळे तेच बोलत होते, ‘काय पाणी चढलंय, भिंत दिसेना झाली!’ समुद्र भिंतीवरून निमूट आत येऊन कुंडात भरला होता. जन्म समुद्रावर गेलेली ही माणसं, भरती-ओहोटी त्यांना नाडीसारखी कळते. पण एकालाही सुचलं नाही की बाबांनो, हे पाणी इथवर वर्षातून एकदाच येतं. लाकूड चिकटवलेलं, बोल्ट बसायचे होते, म्हणून नोएलीनला म्हणाले, आज नको, उद्या ये.

दुसऱ्या दिवशी ती गेली. रॅम्प सुरेख होता. कट्ट्यावरून निघून ऐटीत वळून खाली उतरत होता आणि हवेत संपत होता. त्याच्या टोकाखाली कमरेइतकी पोकळी, आणि मग हिरवं पाणी. वर्न टोपी हातात घेऊन उभा होता.

"नोएलीन," तो म्हणाला, "मी गाढव आहे."

"आहेस," ती म्हणाली.

पुढे लांबवायचा म्हटलं तर कौन्सिल आडवी आली. आता ते ‘बांधकाम’ झालं होतं, त्याला हात लावायला मंजुरी हवी. मंजुरी कुठल्याशा टेबलावर पडून राहिली. उलट गावाच्या नकाशात कुंडाशेजारी निळी खुर्ची छापून आली, म्हणजे कागदोपत्री नोएलीन रोज पोहत होती.

"पुढच्या हजेरीला पुन्हा मोठं उधाण आहे," वर्न एकदा तिच्या ओट्यावर बसून म्हणाला. "मी कोष्टक बघितलंय. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी."

"म्हणजे वर्षभर मी पाण्याची वाट बघत बसू?"

"पाणी येतं गं. त्याला कौन्सिलची मंजुरी लागत नाही."

मग ती वाट बघत बसली. शेजारच्या शहरात जाऊन व्यायामाच्या तलावात पोहायला शिकली, नुसत्या हातांनी. ते पाणी चहाइतकं कोमट, वर छप्पर, भिंतीवर हसऱ्या माशांची चित्रं. तिला ते मुळीच आवडलं नाही, पण दंड मात्र घट्ट झाले.

डिसेंबरात ग्वेन लॅम्बी आली, नाताळचा फ्रूटकेक घेऊन. ग्वेन मंडळाची चिटणीस, सदतीस वर्षं. ती आणि नोएलीन शाळेत एका बाकावर बसायच्या. केक टेबलावर ठेवून ती बसलीसुद्धा नाही.

"मी नियम वाकवणार नाही," ती म्हणाली.

"मी म्हटलं का तुला वाकव म्हणून?"

"म्हटलं नाहीस, म्हणून तर आधी सांगतेय. तू म्हणणार नाहीस, पण बाकीचे म्हणतील. वर्न तर माझ्या दारात येऊन उभा होता."

"वर्नला मी बघते. तू चहा घेणार का?"

"आल्बीची पट्टी मी माझ्या हाताने काढली," ग्वेन खिडकीबाहेर बघत म्हणाली. आल्बी म्हणजे तिचा नवरा. "तो अंथरुणावर होता. मी घरी येऊन त्याला सांगितलं. तो म्हणाला, बरं केलंस. महिन्याने गेला. तेव्हा मला वाकवता आला असता नियम. कुणी काही बोललं नसतं."

नोएलीनने केकचा तुकडा कापला आणि ग्वेनच्या हातात दिला. ग्वेनने तो उभ्या उभ्याच खाल्ला आणि गेली.

त्या दिवसापासून नोएलीनला भीती वाटायला लागली. पट्टीचीच भीती. दीड बोट रुंद पितळ, दोन स्क्रू. हसण्यावारी नेण्यासारखीच गोष्ट, पण तिला नेता येईना. ती उजव्या फळीवर गेली की आपण उरलेलं आयुष्य ‘छान पोहायची हो’ म्हणून काढणार, पोस्टाच्या खिडकीपुढे, हात हलवत. त्यापेक्षा शिडीवरून पडले तेव्हाच मेले असते तर बरं, असंही तिच्या मनात आलं, आणि तिने स्वतःलाच झापलं.

हजेरीच्या सकाळी तिने सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, मला आणायला, ढकलायला, धरायला कुणी यायचं नाही. मी येते. हट्टी बाई, दुसरं काय! हजेरी पावणेदहाची. बाकीचे आधीच कुंडावर जमले होते आणि ती एकटीच गाडी घेऊन साडेआठला कुंडाच्या पार्किंगमध्ये आली.

समुद्रावर वाफ होती. पाइनची झाडं अर्धीच दिसत होती, वरची. गाड्या रांगेत झोपलेल्या. निळी जागा रिकामी होती, आणि तिच्यात चार नारिंगी शंकू उभे होते, मध्ये पाटी. ‘अपंगांच्या अधिक सोयीसाठी अपंगांची जागा तूर्त बंद.’

नोएलीनने पाटी दोनदा वाचली. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. दुसरी जागा शोधावी तर नाताळच्या सुट्टीतलं सगळं शहर तिथे येऊन उभं होतं, दोन गाड्यांमध्ये खुर्ची उघडायलाच काय, मांजर जायलाही वाव नव्हता. तिने एक फेरी मारली, दुसरी मारली. पावणेनऊ झाले. मग तिने देवाचं नाव घेतलं, त्या पाठोपाठ एक शिवी दिली, आणि गाडी शंकूंवर घातली. एक शंकू चाकाखाली गेला, पाटी आडवी झाली. खाली नवा रंग होता, ओला, आभाळासारखा निळा.

खुर्ची काढून जोडून तीत बसेपर्यंत नऊ वाजले. हे काम कितीही सवयीचं झालं तरी घाईत बोटं ऐकत नाहीत. आणि बसल्यावर तिच्या लक्षात आलं की त्या जागेला तिन्ही बाजूंनी लाकडी ओंडके लावलेत, गाड्या हिरवळीवर जाऊ नयेत म्हणून. गाड्या जात नव्हत्या. तीही जात नव्हती. कट्टा समोर वीस पावलांवर, ओंडका चाकाच्या पुढ्यात. बाहेर पडायची फट होती ती पार रस्त्याच्या तोंडाशी. तिने खुर्ची उलटी फिरवली आणि रांगेतल्या सगळ्या गाड्यांच्या पाठीमागून निघाली. डांबरावर तिच्यामागे निळ्या रंगाचे दोन पट्टे उमटत गेले.

पुढे खडी लागली. कुणीतरी शोभेसाठी पसरलेली, पांढरी, गोल खड्यांची. खड्यांत चाक रुतलं. तिने दोन्ही हातांनी रेटलं, खुर्ची वीतभर सरकली. पुन्हा रेटलं, पुन्हा वीतभर. वाफेतून माणसांचं हसणं ऐकू येत होतं, अगदी जवळ आणि कितीतरी लांब. हे स्वप्नातलंच आहे, तिला वाटलं, आता वास येईल आणि मी जागी होईन. वास आलाच. शेवाळाचा, मिठाचा. पण ती जागी झाली नाही, तळहाताला फोड आला होता आणि तो चांगलाच झोंबत होता.

ती कट्ट्यावर पोचली तेव्हा दहाला पाच कमी होते.

वाफ विरत चालली होती. कुंड आणि समुद्र एक झाले होते, मधली भिंत पाण्याखाली नुसती गडद रेघ होऊन राहिली होती. आणि त्या पाण्यात माणसांची डोकी, पांढऱ्या केसांची, रंगीत टोप्यांची. ग्वेन मध्यभागी कमरेइतक्या पाण्यात प्लॅस्टिकमध्ये घातलेली यादी घेऊन वाचत होती. "लेस्ली ऑर्चर्ड." "आहे!" "पर्ल ऑर्चर्ड." "आहे!"

नोएलीनने मनात मोजलं. पर्लनंतर डग, डगनंतर आपण.

वर्न रॅम्पच्या टोकाशी छातीभर पाण्यात उभा होता. त्याने वर बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"उतरलं गं," तो हळूच म्हणाला. "भरती पाऊण तासापूर्वीच फिरली. सव्वानऊला फळीला लागलं होतं पाणी, माझ्या डोळ्यांनी पाहिलं. कुठे होतीस?"

रॅम्पची कड आणि पाणी यांच्यामध्ये वीतभर हवा होती. वीतभरच. पण खुर्ची वीतभर हवेत चालत नाही. कड ओलांडली की ती पुढच्या पुढे उलटणार.

"मी धरतो," वर्न म्हणाला. "कुणाला दिसणार नाही. पाण्याखालून धरतो."

"मला दिसेल ना."

"अगं हट्ट काय करतेस? चूक माझी आहे, मला धरू दे!"

"वर्न," ती म्हणाली, "बाजूला हो."

"म्हणजे?"

"बाजूला हो म्हणजे बाजूला हो. वाटेत आहेस तू."

तिकडे ग्वेनने डगचं नाव घेतलं. नोएलीनने कमरेचा पट्टा सोडला. हा पट्टा सोडायचा नाही, असं तिला इस्पितळात शंभरदा सांगितलं होतं. तिला भीती वाटत होती, भयंकर वाटत होती, पण त्या भीतीच्या आत कुठेतरी हसू होतं. वर्षभर आपण पाण्याची वाट बघितली. पाणी वर येईल, फळीला लागेल, मग आपण बेताने उतरू. आणि हा रॅम्प वर्षभर असा हवेत तोंड काढून उभा, पोहणाऱ्या बाईपुढे! हवेत टोक असलेल्या फळीवरून काय करतात हे गॅनेट पॉइंटच्या शेंबड्या पोरालाही कळतं.

तिने ब्रेक काढला आणि चाकांवरचे हात उचलले.

उतार चांगला होता. वर्नच्या हातचा, गुळगुळीत. वळणावर खुर्चीने कठड्याच्या बोल्टला घासून ठिणगी काढली, एक बाई किंचाळली, आणि मग चाकांचा आवाज एकदम थांबला. खाली काहीच नव्हतं. तेवढ्या एका क्षणात नोएलीनला समुद्र दिसला, सगळा, सरळ क्षितिजापर्यंत, आणि सूर्य त्यावर पसरलेला. मग पाण्याने तिला घेतलं.

थंड! भर उन्हाळ्यातल्या जानेवारीतसुद्धा महासागर किती थंड असतो ते ती विसरूनच गेली होती. खुर्ची तिच्याखालून सुटून बुडबुडे सोडत तळाला गेली. नाकात पाणी, डोळ्यांत मीठ. तिने हात मारले, दोनदा, चारदा, व्यायामाच्या तलावातल्या माशांची आठवण येऊन तिला पाण्यातच हसू फुटलं, आणि ती वर आली. खोकली. श्वास घेतला. आणि पाठीवर झाली.

मग सगळं शांत झालं.

कान पाण्याखाली गेले की जग दूर जातं. तळाशी वाळूचे कण एकमेकांवर घासत होते, त्याची बारीक कुरकुर ऐकू येत होती. आपलंच काळीज ऐकू येत होतं, सावकाश. वर वाफेचा शेवटचा पदर सुटून चालला होता आणि त्यातून एक पेलिकन पंख न हलवता गेला, मोठा, पांढरा, कुठलीच घाई नसलेला. आणि तिच्यासमोर पाण्यातून काहीतरी वर आलं. तिने मान किंचित उचलून बघितलं. पायाची बोटं होती. तिचीच. जमिनीवर ज्यांना दोन हातांनी उचलून इकडून तिकडे ठेवायला लागायचं ते पाय आपसूक वर आले होते, कुणी न सांगता, आणि बोटांवर ऊन पडलं होतं.

ती रडली. समुद्रात रडायचं एक बरं असतं, पुसावं लागत नाही. बाहेर कसं निघायचं याचा विचार वर्नने केला नव्हता, आणि तिनेही. ते पुढचं पुढे. पाणी तिला हळूहळू फिरवत होतं. पोस्ट नाही, खिडकी नाही, भिंत नाही. पट्टीसुद्धा आठवेना. वर्षभर जिच्यासाठी जीव टांगणीला लागला होता ती हजेरी तिच्या डोक्यातून साफ निघून गेली.

पुढचं तिला नंतर वर्नने सांगितलं. ग्वेनने नाव घेतलं, "नोएलीन पास्को." उत्तर आलं नाही. दुसऱ्यांदा घेतलं. तिसऱ्यांदा घेतलं. पर्ल ऑर्चर्ड ओरडली, "अगं ती काय तिथे तरंगतेय, लिही की आहे म्हणून!" ग्वेनने हात वर केला. म्हणाली, जिचं नाव तिनेच बोलायचं. वर्न पाण्यातून पुढे सरकला तशी त्याच्यावर डाफरली, "हात लावायचा नाही!"

तीन हाका झाल्या होत्या. नियमाने पुढचं नाव यायला हवं होतं. सगळे ग्वेनकडे बघत होते आणि ग्वेन यादीकडे बघत होती. वर्न म्हणाला, ती किती वेळ तशी उभी होती कुणास ठाऊक, पण कुंडात कुणी हाताची बोटंही हलवली नाहीत. आणि मग ग्वेन लॅम्बीने चौथ्यांदा हाक मारली. पाचव्यांदा मारली. मारता मारता ती पाण्यातून पुढे निघाली, कमरेचं पाणी छातीला आलं, छातीचं गळ्याला, आणि हाकांमध्ये आडनाव राहिलं नाही.

नोएलीनला त्यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं. तिला जे ऐकू आलं ते खालून आलं. वाळूची कुरकुर थांबली आणि पाण्याच्या पोटातून कुणीतरी तिला हाक मारली. शब्द फुटत नव्हते, नुसती गुरगुर होती, बुडबुडे होते, पण ते तिचंच नाव होतं. तिला वाटलं, समुद्रच बोलावतोय. मग वाटलं, जावं. त्याच वेळी बुडबुडे तिच्या गालाला लागले, आणि तिने दचकून डोकं वर काढलं.

शेजारून ग्वेनचं डोकं पाण्याबाहेर आलं. तोंड पाण्यात बुडवून ती हाका मारत होती, वेडी बाई! पार्लरमध्ये बसवून घेतलेले केस कपाळाला चिकटले होते, चष्मा एका कानाला लोंबत होता, यादी कुठेतरी वाहून गेली होती. ती खोकत होती आणि तिला श्वास पुरत नव्हता.

"काय झालं?" नोएलीनने विचारलं. "किती हाका झाल्या?"

"मोजल्या नाहीत." ग्वेन रडत होती. तिचे दोन्ही हात पाण्यावर पसरलेले होते, नोएलीनपासून चार बोटांवर, आणि ते तिने तिथेच रोखून धरले होते. "अगं मेले, बोल ना. आहेस की नाही?"

नोएलीनने तिच्याकडे बघितलं. शाळेतल्या बाकावरही ग्वेन कधी रडली नव्हती.

"आहे," ती म्हणाली. "आहे गं."

तेव्हा ग्वेनने तिला हात लावला. दोन्ही हातांनी तिला ओढून घेतलं आणि इतकं घट्ट धरलं की दोघी मिळून पाण्याखाली जाता जाता राहिल्या. यादीतली अजून वीस नावं राहिली होती. ती सगळी माणसं गारठत उभी राहिली, आणि कुणीही घाई कर म्हणालं नाही.